कुडू पळाला तो बुटांमुळे की पावलांमुळे?

दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या साताऱ्याच्या, यजमानांच्या नोकरीमुळे सहा वर्षांपासून तिकडे असतात. त्यांचं पत्र थोडक्यात असं:

"यजमानांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं इथल्या लिम्पोपो प्रांतात, वॉटरबर्गच्या डोंगराळ भागात वडिलोपार्जित शेत आहे. दर हिवाळ्यात ते तिथे कुडूच्या, म्हणजे इथल्या एका मोठ्या हरणाच्या शिकारीला जातात. गेल्या जुलैत, म्हणजे इकडच्या हिवाळ्यात, आम्हीही गेलो. मी बंदूक धरत नाही, धरणारही नाही. पण रानात चालायला मला फार आवडतं म्हणून मागे मागे गेले. तीन तास माग काढल्यावर कुडू दिसला आणि लगेच उधळला. सगळ्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. गडांवर घालायचे तेच जुने ट्रेकिंगचे बूट, खोल खाचांच्या सोलचे. परत येईपर्यंत दोन्ही टाचांना फोडही आले होते. या जुलैत पुन्हा बोलावणं आहे. आवाज न करणारे आणि पाय न सोलणारे बूट कसे निवडायचे? की मी घरीच थांबू? आई तर म्हणते, शिकारीला जातेसच कशाला."

ताई, घरी थांबू नका. आणि तो कुडू तुमच्या बुटांनीच पळवला हे आधी मनातून काढून टाका. दोन-अडीचशे किलोचा तो नर, त्याचे कान सुपासारखे, आणि ते तो दोन दिशांना वेगवेगळे फिरवतो. चार माणसं तीन तास त्याच्या मागावर असताना त्याला तुमच्या सोलचा आवाज आला असेल, कुणाच्या पँटची सरसर आली असेल, कुणाच्या खिशातल्या किल्ल्या वाजल्या असतील, किंवा वारा फिरून सगळ्यांचाच वास गेला असेल. माग काढणारी माणसं राखेची पुरचुंडी जवळ ठेवून सारखा वारा बघतात ते उगीच नाही. वास लागला की मांजराच्या पावलांनी चाललात तरी उपयोग नसतो. एकट्या तुमच्याकडे बघणं अन्यायाचं होतं.

आईंना वाटतं ते मी समजू शकतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याचा झाला आणि तो तसाच राहावा असं मलाही वाटतं. तिकडे खासगी शेतावर कायद्याने शिकार करता येते, मांस घरात खाल्लं जातं, त्याचं बिल्टाँग, म्हणजे सुकं मांस, वाळतं. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण एक गोष्ट आईंना जरूर सांगा. शिकारीत सगळ्यात वाईट काय, तर जखमी होऊन रानात निघून गेलेलं जनावर. जवळून, शांत उभ्या असलेल्या जनावरावर नेम धरला तर ते बहुधा टळतं. आणि जवळ जायचं तर सगळ्यांचीच पावलं शांत हवीत, बंदूक हातात नसलेल्या बाईचीही. म्हणून तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आता बूट. तुम्ही एकाच पत्रात आवाज आणि फोड अशा दोन तक्रारी लिहिल्यात. माझ्या मते ती एकच तक्रार आहे. मी झिम्बाब्वेतल्या बुलावायोला नऊ वर्षं होतो आणि सुट्टीच्या दिवशी एका मित्राच्या शेतावर जनावरं मोजायला पायी जात असे. आमच्यापुढे चालणारा म्हातारा माग काढणारा सकाळी कुणाला काही बोलायचा नाही. अकराच्या सुमाराला मात्र एकेकाच्या पायांकडे बघायचा आणि म्हणायचा, याला आता गाडीकडे पाठवा. कारण तोपर्यंत ज्याचा बूट चावायला लागलेला असे तो पाय उचलायचा थांबून ओढायला लागलेला असे. दुखणारा पाय जिथे पडेल तिथे पडतो. काटकी टाळायची, दगडाला वळसा घालायचा, टाच हलकी टेकवायची हे सगळं दुखऱ्या पायाला सुचतच नाही. तुमच्या टाचांना फोड आले त्याच क्षणापासून तुमचा आवाज वाढला असणार, सोल कसाही असो.

तरी सोलचा दोष आहेच. सह्याद्रीतला ट्रेकिंगचा बूट ओल्या कातळावर, मुरमाच्या उतारावर धरून राहावा म्हणून केलेला असतो: खोल खाचा, कडक तळ. वॉटरबर्गमध्ये जुलैत पावसाचा थेंब नसतो. वाळूची माती, सुटे दगड आणि गुडघाभर पिवळं गवत. खोल खाचांत खडे अडकतात आणि पुढच्या दगडावर टकटक करतात. कडक तळाचं दुसरं दुखणं अधिक मोठं. पायाखाली काटकी आली आहे हे तो तुम्हाला सांगतच नाही. ती मोडल्यावरच कळतं, आणि तुमच्याआधी कुडूला.

दुसरा आवाज बुटाच्या आतून येतो. तुम्ही साताऱ्याच्या, तेव्हा कोल्हापुरी पायताणाची करकर तुम्हाला नवी नाही. तिथे चामड्याचे थर एकमेकांवर घासतात आणि लोक तो आवाज हौसेनं करून घेतात. बुटातही तेच होतं, फक्त हौस नसते. आतला सुटा तळवा, खालचा पुठ्ठा, जिभेचं चामडं, सगळं एकमेकांवर घासतं. नवा बूट करकरला तर आतला तळवा उचलून खाली थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, जिभेच्या कडांना मेण चोळा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. भागलं नाही तर तो बूट ऑफिसात घालावा.

तिसरा आवाज बाहेरचा. दुकानात बूट हातात घ्या आणि वरच्या बाजूवर नखानं ओरखडा काढा. खर्र असा आवाज आला तर काटेरी झुडूप आणि वाळलं गवतही तसाच काढणार. जाड नायलॉनचं कापड यात सगळ्यात वाईट. मऊ, खडबडीत चामडं जवळजवळ गप्प असतं.

म्हणून मी तुम्हाला त्या देशाच्याच जुन्या शहाणपणाकडे नेतो. फेलस्कुन नावाचे चामडी जोडे तुम्ही प्रिटोरियात पाहिले असतीलच, लोक लाडानं फेलीज म्हणतात ते. खोईखोई लोकांच्या पादत्राणांवरून डच वसाहतवाल्यांनी ते उचलले. चामड्याची कड आत न वळवता बाहेर काढायची आणि थेट तळाला शिवायची, एवढीच त्याची युक्ती. त्यामुळे आत शिवण नाही, कडक भिंती नाहीत, पंजाला ऐसपैस जागा, आणि तळ पातळ नि वाकणारा. केपमधल्या सीडरबर्ग डोंगरातलं वुपर्थाल हे छोटं मिशनचं गाव याच जोड्यांसाठी ओळखलं जातं. १९५०च्या सुमारास क्लार्क्स या ब्रिटिश कंपनीनं जगभर नेलेला डेझर्ट बूटही याच घराण्यातला. रानातून चालणाऱ्यांनी दोन-तीनशे वर्षं ही घडण बदलली नाही, याहून मोठी शिफारस मला देता येणार नाही.

पण साधा घोट्याखालचा फेलस्कुन तुम्ही घेऊ नये. सवयीच्या पायांना तो चालतो. तुमचा पाय दोन दशकं जाड बुटात वाढलेला आहे आणि वॉटरबर्गमध्ये सुटे दगड भरपूर. त्याच पद्धतीनं शिवलेला पण घोट्याच्या वर येणारा बूट घ्या. पीटरमॅरिट्झबर्गमध्ये जिम ग्रीन नावाचे बूट बनतात (गांधीजींना १८९३ मध्ये गाडीतून उतरवलं ते हेच गाव). त्यांचा आफ्रिकन रेंजर हा बूट अभयारण्यांतल्या रक्षकांसाठी म्हणून केलेला, पुढे चांगलाच रुंद. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांचा पंजा रुंद आणि टाच अरुंद असते, त्यांना युरोपी साच्याचे बूट करंगळीला चावतात. तुम्हाला बहुधा इथे सुख वाटेल. बुलावायोचे कोर्टनी बूट माझ्या पायात अकरा वर्षं होते. फ्रेडरिक कोर्टनी सेलू या जुन्या शिकाऱ्याचं नाव त्यांना दिलंय. ते उत्तम, पण महाग, आणि त्यातल्या काही चामड्यांबद्दल शेवटी एक सूचना आहे ती वाचल्याशिवाय घेऊ नका.

क्रेपचा सोल हवा का, असं दुकानदार विचारेल. क्रेप म्हणजे कच्च्या रबराचा मऊ, पिवळट, स्पंजासारखा तळ. शांतपणात त्याला तोड नाही. पण तुम्ही जाताय ते काट्यांचं राज्य आहे. तिथली सिकल बुश म्हणजे आपल्या माळावरची सिगमकाठीच, अगदी तेच झाड, आणि तिचे काटे गाडीचे टायर फोडतात. तिथले लोक ज्याला डुवेल्की म्हणतात ते आपले सराटे, आपलं गोखरू. 'वाख-न-बिकी', म्हणजे 'थांब जरा', हे नाव ज्या झाडाला दिलंय ते आपल्या बोरीचं भावंड. कपडा धरला की खरोखरच थांबावं लागतं. पातळ क्रेपमधून असा काटा आरपार येतो, आणि मग तुम्ही जो आवाज कराल तो बुटाचा नसेल. म्हणून मधला मार्ग घ्या: एकसंध रबराचा सोल, खाचा उथळ, चवड्यापाशी सहज वाकणारा, टाचेखाली मऊ. दुकानात बूट दोन हातांत धरून वाकवा. चवड्याच्या जागी वाकला तर ठीक. मध्येच, कमानीपाशी मोडला तर नको, आणि वाकवताना तुम्हाला दात-ओठ खावे लागले तर मुळीच नको. सोलवर अंगठ्याचं नख दाबा, थोडं रुतलं पाहिजे. दुकानाच्या फरशीवर चीं-चीं झाली तर घाबरू नका, गुळगुळीत फरशीवर चांगलं रबर बोलतंच. दुकानदाराला विचारून बाहेर खडीवर चार पावलं टाकून बघा. खरी परीक्षा तिथे.

पाणी आत न येणाऱ्या अस्तराचे बूट जुलैत घेऊ नका. पाऊस नाही आणि दुपारी पाय आत उकडतो. घामानं मऊ झालेल्या कातडीला फोड लवकर येतो.

मापाचं सांगतो, कारण निम्मी चूक इथेच होते. दक्षिण आफ्रिकेत बुटांचे नंबर आपल्यासारखेच ब्रिटिश पद्धतीचे, तेव्हा तुमचा नंबर तोच. पण संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय फुगलेला असतो. रानात घालणार तेच मोजे नेऊन घाला. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट सहज जावं. बांधल्यावर उतारावर उभं राहून बघा, अंगठा पुढे टेकता कामा नये आणि टाच उचलताना आत वर-खाली होता कामा नये. तुमचे फोड टाचेला होते, म्हणजे तुमची टाच आत खेळत होती. नाडी घोट्यापाशी दोन वेढे देऊन आवळली तर ते कमी होतं. नाडीची सुटी टोकं आत खोचा, तीही आपटतात.

आणि एक गोष्ट दुकानदार विचारणार नाही म्हणून मी विचारतो. जोडवी घालता का? घालत असाल तर दिवसभराच्या चालीत ती शेजारच्या बोटात रुततात. माझ्या पत्नीची दोन बोटं अशीच सोलून निघाली होती आणि तिनं ते रात्री सांगितलं. चार दिवस काढून ठेवा. मन होत नसेल तर त्यावर कापडी चिकटपट्टी गुंडाळा. काचेच्या बांगड्याही घरी. नखं आदल्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी कापा.

मोजे मेरिनो लोकरीचे, मध्यम जाडीचे, एकच जोड. पहाटे बकीच्या मागे, म्हणजे त्या पिकअपच्या उघड्या हौद्यात बसून जाताना थंडी चार-पाच अंशांवर असते, म्हणून लोक दोन-दोन मोजे चढवतात. बूट घट्ट होतो, रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतो. गाडीत पायांवर घोंगडी घ्या. मोज्यांचा दुसरा शत्रू म्हणजे कुसळं. माळावरून चालल्यावर ती कशी घुसतात हे तुम्हाला सांगायला नको, तिथेही तीच जात आहे. त्यासाठी घोट्यावर बांधायच्या कापडी पट्ट्या मिळतात, गेटर्स. सुती कॅनव्हासच्या, बटणाच्या किंवा नाडीच्या घ्या. वेल्क्रोच्या नकोत. भर शांततेत कुणी वेल्क्रो उघडला की फांदी चिरल्यासारखा आवाज होतो.

आता सगळ्यात निकडीचं: बूट याच आठवड्यात घ्या. जुलैला अजून आठ आठवडे आहेत आणि चामड्याला तेवढे लागतात. पहिला आठवडा घरात, संध्याकाळी तासभर. मग बाजारहाट करताना. मग रविवारी पाच-सहा किलोमीटर, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. एकूण पन्नास-साठ किलोमीटर पायाखाली गेले की बूट तुमचा झाला. गरम पाण्यात भिजवून सैल करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, चामडं वाळताना आखडतं आणि तडकतं. मेणाचं मलम हातानं चोळा, आणि तेही निघायच्या बऱ्याच आधी, म्हणजे त्याचा वास उडून जाईल.

आणि ते जुने ट्रेकिंगचे बूट राखीव म्हणून नेणार असाल तर थांबा. मी एकदा पाच वर्षं कपाटात ठेवलेले महागडे बूट, दिसायला अगदी नवे, तसेच घालून निघालो. दुसऱ्या तासाला उजवा सोल भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला, थोड्या वेळानं डावा. तारेनं बांधून सहा किलोमीटर परत आलो. सोलमधला पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा, मधला थर वापरला नाही तरी हवेतल्या दमटपणानं आतून कुजतो, उलट पडून राहिला तर अधिकच. सोलच्या कडेवर अंगठा जोरात दाबा. भुगा पडला किंवा बारीक चिरा दिसल्या तर ते बूट गेले. शिवलेल्या एकसंध रबरी सोलला हे भय नाही, मी त्याच्या बाजूचा आहे त्याचं हेही एक कारण.

चालण्याचं थोडं. गडावर आपण लयीत चालतो, टाच आधी, खाडखाड. रानात नेमकी ती लय धोक्याची. जनावरांच्या रानातही आवाज असतातच, माकडं फांद्या मोडतात, गिनी फाउल नावाचे कोंबडीसारखे पक्षी पाचोळा उकरतात. पण सारख्या अंतरानं पडणारी दोन पावलं फक्त माणसाची. त्या म्हाताऱ्यानं मला शिकवलं ते असं: पाऊल छोटं. भार मागच्या पायावर ठेवायचा, पुढचा पाय बाहेरच्या कडेनं टेकवायचा, खाली काय आहे ते तळव्याला कळू द्यायचं, आणि मगच हळूहळू आतल्या बाजूला भार द्यायचा. काटकी लागली तर उचलून दुसरीकडे. तीन-चार पावलं, मग थांबणं, मग दोन. पुढच्याच्या पावलात पाऊल टाका, तिथला पाचोळा आधीच दबलेला असतो. तो थांबला की त्याच क्षणी थांबा, हवेतला पाय हळूच जिथून उचलला तिथेच ठेवा. आपल्या अंगणात वाळलेली पानं पसरून याचा सराव करता येतो. मी केला आहे. पहिल्या दिवशी पापड मोडल्यासारखा आवाज येत होता, आठवड्यानं बराच कमी झाला.

शेवटच्या टप्प्यात काही शिकारी बूट काढून नुसत्या मोज्यांवर पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. तुम्हाला तेवढं जवळ जायचं नाहीये आणि ते काटे मी वर सांगितलेत. त्यांनी बूट काढले की तुम्ही झाडामागे बसून राहा, बंदुकीच्या नळीच्या पुढे कधीच नाही.

हिवाळ्यात तिथे मिरीच्या दाण्याएवढे, कधी त्याहूनही बारीक गोचीड गवतावर असतात. पँट मोज्यांत खोचा, रात्री घोटे आणि गुडघ्यामागची जागा तपासा. परतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आणि चावल्या जागी काळी खपली दिसली तर डॉक्टरांकडे जा आणि रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा. औषध साधं असतं आणि वेळेवर घेतलं की लवकर उतार पडतो.

राहिली ती चामड्याची सूचना. तिथल्या दुकानांत पाणघोड्याच्या, हत्तीच्या, मगरीच्या चामड्याचे बूट मिळतात. विकणं तिथे कायदेशीर असेलही, पण या प्राण्यांचा माल देशाबाहेर न्यायला साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचे परवाने लागतात, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यातही त्याची तरतूद आली आहे. दिवाळीला साताऱ्याला येताना पायात तसले बूट असले तर मुंबईच्या विमानतळावर अनवाणी उतरण्याची वेळ येईल, नसता ताप तो वेगळाच. साध्या गाईच्या चामड्याचे घ्या. कुडूचं चामडं मऊ आणि शांत असतं, ते साइट्सच्या यादीतही नाही, पण ज्या जनावराला तुम्ही डोळे भरून बघायला जाताय त्याचेच बूट घालायचे की नाहीत हे तुमचं तुम्ही ठरवा. आणि विमानात बसण्याआधी खाचांतली माती दातांच्या जुन्या ब्रशनं पूर्ण काढा. लिम्पोपोच्या काही भागांत गुरांच्या लाळ्या-खुरकूताची साथ अधूनमधून येते आणि ती मातीबरोबर प्रवास करते. तुमच्या घरी गोठा आहे असं पत्रात एका ओळीत आलंय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.